चौदावी जीप

साळवेमामा माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्या गाडीखाली वाकून बघत. एकदा लग्नाच्या मांडवाबाहेर ते नवरदेवाच्या सजवलेल्या जीपखाली शिरले आणि बाहेर आले ते डोक्यावर झेंडूची माळ अडकवूनच. वरमाय भडकली. मामा म्हणाले, "वरून समद्याच गाड्या नवरीवानी दिसत्यात बाई. खालून बघावं."

केडगावच्या जीपच्या शोरूममध्ये ते हेडमेस्त्री आणि मी काउंटरवरची कारकून. अख्ख्या गावात एखाद्याच घरी फोन असायचा, तेव्हाची ही गोष्ट. एक दिवस कंपनीचं पत्र आलं. एका तुकडीतल्या जीपच्या शाफ्टचा सांधा कच्चा निघाला होता. शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा दांडा. हा सांधा चालत्या गाडीत निखळू शकतो, तेव्हा मालकांना बोलावून फुकट बदलून द्या, असा हुकूम होता. आमच्याकडून अशा चौदा जीप विकल्या गेल्या होत्या.

मी चौदा पत्रं टाकली, त्यातली सहा परत आली. आपल्याकडे गाडी घ्यायची आजोबांच्या नावावर, चालवायची पुतण्याने आणि विकायची मेव्हण्याला. कागदावर मात्र आजोबाच, तेही वारलेले. ज्यांना पत्रं मिळाली त्यांना वेगळाच संशय. "कंपनी फुकट देतीय? म्हंजी आमचा चांगला माल काढून घेनार!" एकाने तर मामा येताना दिसले म्हणून जीप कडब्याच्या गंजीमागे लपवली.

मग मामांनी शिर्डी धरली. जिल्ह्यातली भाड्याची जीप आज ना उद्या तिथे येणारच, हे त्यांचं गणित. मामा बौद्ध, देवळात कधी जात नसत. पण दर गुरुवारी ते तिथल्या पार्किंगमध्ये जमिनीला छाती लावून पडलेले असत. एका बाईंना वाटलं, लोटांगण घालताहेत. त्यांनी हातावर प्रसाद ठेवला. मामांनी तो खाल्ला आणि बाईंच्या जीपचा नंबर लिहून घेतला. आम्ही शोरूममध्ये त्यांना 'भक्त साळवे' म्हणून पोट धरून हसायचो.

हसत असतानाच तेरा जीप झाल्या. चौदावी सापडेना.

ती आपणहून आली. गुरुवार होता, दुपारचे साडेचार. पाथर्डीकडचा भगवान नावाचा ड्रायव्हर, हातात कुणाकुणाकडून फिरत त्याच्यापर्यंत पोचलेलं, चुरगळलेलं आमचं पत्र. मामा शिर्डीला गेलेले. दुसरा मेस्त्री होता, पण जीप खोलली असती तर कागदपत्रांसाठी मला सातपर्यंत थांबावं लागलं असतं. त्या संध्याकाळी सावेडीत आमच्या घरी मला बघायला पाहुणे येणार होते.

"उद्या या ना दादा, मामाच बघतील," मी म्हणाले.

"उद्या भाडं हाय ताई."

"मग परवा या."

तो बरं म्हणाला. तोपर्यंत गाडी चालवू नका, एवढं साधं वाक्यही मी बोलले नाही. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी घाटात सांधा निखळला आणि जीप कठड्यावर आदळली. प्रवासी खरचटण्यावर सुटले. भगवानचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बातमी आली तेव्हा मामांनी मला एवढंच विचारलं, "काल आल्ता का त्यो?" मी मान हलवली. "पानी तरी इचारलं का ताई त्याला?"

तेही विचारलं नव्हतं. ते स्थळही जमलं नाही, पण त्याचं आता काय. आजही मी कुणाला 'उद्या या' म्हणत नाही.

कंपनीने खुलासा मागवला. त्या खुलाशापायी मामांचं हेडमेस्त्रीपद गेलं आणि निवृत्त होईपर्यंत ते गोदामात नटबोल्ट मोजत बसले. खुलासा त्यांनी तोंडी सांगितला, मी टाइप करत होते. "ड्रायव्हर गाडी घेऊन आला होता. मी जागेवर नव्हतो. मी कोणालाही सूचना देऊन ठेवली नव्हती. चूक माझी आहे."

माझी बोटं थांबली.

"टायपा ताई," मामा म्हणाले. "तुमचं लगीन व्हायचंय. माझी घरी वाट बघनारं कोन हाय?"

मी एकही खाडाखोड न करता ते पत्र पुरं केलं आणि सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवलं.