घागकाकांची काबूलची तयारी

लग्नाला गेलं की माणसं आधी नवरानवरी बघतात. घागकाका आधी हॉलचा मागचा दरवाजा बघायचे. तो आचाऱ्याच्या पातेल्यांनी अडलेला असला तर पातेली हलवून घ्यायचे आणि मगच अक्षता टाकायला यायचे. माझ्या मेहुणीच्या लग्नात या भानगडीत त्यांना उशीर झाला आणि घाईत टाकलेल्या सगळ्या अक्षता भटजींच्या टकलावर पडल्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, "धोका आहे असं मी म्हणत नाही. पण धरून चालायला काय जातं?"

भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर आमची दोघांची भिंतीला भिंत. काका मूळचे रत्नागिरीकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हॉस्पिटलांत ऑक्सिजनचे प्लांट बसवणाऱ्या एका कंपनीत नोकरी. रात्री स्वतःचा गॅस बंद आहे का ते बघून झालं की आमचाही बघायला यायचे. माझी बायको माधवी आधी चिडायची. पुढे पुढे तीच दारात उभी राहून "काका, आमचा राहिला" म्हणायला लागली.

अशा माणसाला कंपनीनं काबूलला जायला सांगितलं.

तिथल्या एका हॉस्पिटलातला प्लांट बंद पडला होता आणि त्या जुन्या बनावटीचं मशिन कंपनीत काकांशिवाय कुणी उघडलेलं नव्हतं. त्या काळात टीव्हीवर काबूल म्हटलं की धूर आणि पळणारी माणसं दिसायची. मी म्हटलं, "काका, सरळ नाही म्हणून सांगा. रिटायरमेंटला आलात तुम्ही."

"ऑपरेशनं थांबलीत हो तिथली," काका म्हणाले. "पोरंबाळं असणारी माणसं कशाला पाठवायची? मी मोकळाच आहे."

कंपनीनं एका निवृत्त फौजी साहेबांकडून त्यांना शिकवून घेतलं. रोज एकाच रस्त्यानं जायचं नाही, खिडकीशी झोपायचं नाही, गाडीत बसण्याआधी गाडीखाली बघायचं. काकांनी सराव भाईंदरमध्येच सुरू केला. स्टेशनवरून घरी रोज नव्या गल्लीतून यायचे आणि हमखास चुकायचे. एकदा नवघर गावातल्या भाजीवालीनं त्यांना हटकलं, "काका, तुमचा घर इकरं न्हाय." रिक्षात बसायच्या आधी खाली वाकायचे. रिक्षावाला वैतागून म्हणायचा, "चाचा, कुछ गिरा क्या?" पलंग खिडकीपासून ओढत ओढत त्यांनी पार स्वयंपाकघराच्या दारात नेला. खालचा दुकानदार जिग्नेश मला म्हणाला, "काबूल जा रहे हैं या काबूल इधर आ रहा है?"

आम्ही हसायचो. पण हा माणूस परत आला नाही तर, हा विचार काही केल्या जाईना.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी काका आमच्याकडे आले. चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"एक अडचण आहे," ते म्हणाले. "मला कुणी पळवून नेलं आणि ऑफिसला फोन केला की माणूस जिवंत आहे, तर खरं कसं कळणार? म्हणून ऑफिस एक प्रश्न विचारतं. त्याचं उत्तर फक्त मला आणि माझ्या घरच्या माणसाला माहीत पाहिजे. तर घरचं माणूस म्हणून तुमचं नाव दिलंय. चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल की. आवडती भाजी?"

"पडवळ. सगळ्या बिल्डिंगला माहितीये."

"शाळेतलं टोपणनाव?"

"सुक्या. अख्खं गाव त्याच नावानं ओळखतं."

इतकी वर्षं शेजारी राहून मला या माणसाचं एकही गुपित ठाऊक नव्हतं. तेवढ्यात माधवी म्हणाली, "काका, दुपारी तुमच्या बंद घरात फोन वाजतो. रोज. तो कुणाचा?"

काकांनी कप खाली ठेवला.

"माझाच," ते म्हणाले. "ऑफिसातून डबा खाल्ला की हिला रिंग द्यायचो. उचलायचा नाही, उगाच पैसे. वाजला म्हणजे मी जेवलो, आता तू जेव. ती गेल्यावर सवय राहिली. लोकांना सांगतो, चोरांना वाटावं घरात कुणीतरी आहे."

प्रश्न ठरला. जाताना त्यांनी घराची किल्ली माधवीच्या हातात दिली. "तिथूनही रिंग देईन. वाजला की समजा, ठीक आहे. उचलू नका."

आणि फोन रोज वाजायचा. दुपारी भिंतीपलीकडे थोडा वेळ वाजून थांबायचा. माधवी तोवर ताटं वाढायची नाही.

एके दिवशी सकाळीच टीव्हीवर काबूलमधल्या स्फोटाची बातमी आली. हॉस्पिटलाजवळच झाला म्हणत होते. मी कामावर गेलो नाही. काकांच्या ऑफिसला फोन लावला, तर त्यांचाही काकांशी संपर्क होत नव्हता. जेवायची वेळ झाली आणि टळून गेली. भात गार झाला. माधवी भिंतीला टेकून बसली होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

उन्हं उतरायला लागली तेव्हा पलीकडे फोन वाजला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता थांबेल म्हणून आम्ही बसून राहिलो. पण तो थांबेना. बंद झाला, पुन्हा सुरू झाला, वाजतच राहिला. माधवी किल्ली घेऊन धावली, मी तिच्यामागे. तिनं रिसीव्हर उचलला.

काका फोनवर नेहमी ओरडून बोलत. त्या दिवशी आवाज इतका बारीक होता की मला रिसीव्हरला कान लावावा लागला.

"काका, मी माधवी. जेवलात का?"

"नाही," काका म्हणाले. "मी बरा आहे. पण आज कुणीतरी उचलावा असं वाटलं. म्हणून वाजवत बसलो."

माधवी तिथंच फरशीवर बसली.

"मग समोर असेल ते खाऊन घ्या," ती म्हणाली. "तोवर मी फोन धरते."