मोठ्या बाईंचं हसू

“माझ्या फायली मीच चढवणार! आता त्या इंटरनेटवाल्याची मनधरणी नाही!” फोटोवाल्यांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

संध्याकाळी शाळेत मोठ्या बाईंचा सत्कार होता. त्यांचे फोटो फोटोवाल्यांच्या वेबसाइटवर चढायचे आणि तिथून थेट सभागृहातल्या पडद्यावर दिसायचे. बाई खूश झाल्या, तर शाळेचं वर्षभराचं काम पक्कं. नाहीतर दुकानाला कुलूप!

इंटरनेटवाला मात्र अडून बसला. “काका, गल्लीतल्या सगळ्या दुकानांच्या साइट माझ्या एकाच मशीनवर आहेत. फायली पाठवायचं सॉफ्टवेअर तुमच्या एकट्यासाठी टाकलं, तर बाकीचे माझं डोकं खातील!”

“मग सगळ्यांसाठी टाक की! शिकवायचं माझ्याकडे लागलं.”

पठ्ठ्याने टाकलं! वर सगळ्यांना मिळून फोल्डरही एकच दिला. फोटोवाले मास्तरांच्या थाटात दारोदार फिरले. दातांचे डॉक्टर असोत की जुन्या फर्निचरवाला, सगळ्यांना एकच मंत्र: “पहिल्या फोटोचं नाव एक, दुसऱ्याचं दोन. कशाला डोक्याला ताप!” स्वतःचे फोटोही त्यांनी तसेच चढवले आणि कडक इस्त्रीचा सदरा घालून बायकोसोबत पहिल्या रांगेत जाऊन बसले.

माइकवर मराठीच्या बाई हातातला कागद वाचू लागल्या. “आमच्या मोठ्या बाईंचं हे हसू आम्ही जन्मात विसरणार नाही!”

पडद्यावर भिंतभर किडलेली दाढ!

फोटोवाले बसल्या जागी हातवारे करू लागले. “पुढचा! अहो, पुढचा लावा!”

“आणि हे बाईंचं तरुणपण...”

एक पाय मोडलेलं कपाट! खाली पाटी: ‘किरकोळ दुरुस्ती लागेल.’

“अहो,” बायको कानाशी कुजबुजली, “सगळ्यांनी एक-दोन हीच नावं दिली ना? मग तुमचा एक पुसून त्या जागी डॉक्टरांचा एक बसला!”

“मी तर सोपं व्हावं म्हणून...”

“झालं की सोपं!”

एवढ्यात मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. “तो पहिला फोटो परत लावा.”

दाढ परत आली. बाईंनी चष्मा सारखा केला, पडद्याजवळ गेल्या आणि किंचाळल्याच. “अगं बाई! ही तर माझी! शेजारच्या दाताला सोन्याची टोपी आहे बघा. परवाच उपटली!”

“बाई, माफ करा, चूक झाली,” फोटोवाले हात जोडून उभे राहिले.

“माफी कसली? कीडसुद्धा किती स्वच्छ आलीय! तुमच्या फोटोंत मला माझे डोळे कधी उघडे सापडले नाहीत. यंदा शाळेचे फोटो डॉक्टरच काढतील!”

टाळ्या! फोटोवाल्यांचा आ वासला तो मिटेचना. मागच्या रांगेतून दातांचे डॉक्टर लगबगीने आले, वाकले आणि हळूच म्हणाले, “काका, तोंड असंच ठेवा हं. डावीकडची एक दाढ गेलीय तुमची!”