तांडेल व इतर सात

आमटी आळणी झाली तर तुम्ही-आम्ही काय करतो? मीठ मागतो. आमचे शेजारी आप्पासाहेब मीठ मागत नसत. ते हातातला घास खाली ठेवून म्हणत, "(अ) आजच्या आमटीत मीठ घातलेले नाही, हे आपल्या निदर्शनास आले आहे काय? (ब) आले असल्यास, त्याबाबत कोणती उपाययोजना केली आहे? (क) केली नसल्यास, का नाही?"

आणि आमच्या वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून तितक्याच शांतपणे सांगत, "(अ) नाही. (ब) आणि (क) प्रश्न उद्भवत नाही. मीठ तुमच्या डाव्या हाताला आहे."

आप्पासाहेब व्यवसायाने रत्नागिरीचे वकील आणि निवडणुकीने मुंबईच्या कायदेकौन्सिलचे सभासद. आडनाव सांगत नाही, कारण त्यांचे पुतणे अजून गावात आहेत आणि रोज बाजारात भेटतात. मी शाळामास्तर. माझा गुन्हा एवढाच, की माझं इंग्रजी अक्षर बरं होतं. त्यामुळे कौन्सिलात जाणारे आप्पासाहेबांचे सगळे प्रश्न मराठीतून इंग्रजीत करून, स्वच्छ लिहून देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. दर अधिवेशनाला साठ-सत्तर प्रश्न! शाळेतल्या मुलांच्या वह्या परवडल्या.

प्रश्न सगळे येण्याजाण्याचे. कोकणात रेल्वे कधी आणणार? आगबोटीच्या डेकवर उतारूंच्या डोक्यावर ताडपत्री का नाही? खलाश्यांना जेवणाची सुट्टी असते काय, असल्यास ते जेवतात कुठे? रेल्वेच्या प्रश्नाला सरकारचं उत्तर ठरलेलं, "विचार चालू आहे." ते छापील उत्तर आलं की आप्पासाहेब ते वहिनींना वाचून दाखवत आणि वहिनी विचारत, "चालूच आहे ना अजून? बसला नाही ना कुठे वाटेत?"

बाजारातही तीच तऱ्हा. एकदा त्यांनी मासळीवालीला गाठलं. "बाई, हा बांगडा कालचा आहे, हे तुझ्या निदर्शनास आले आहे काय?"

"आलंय ना! म्हनून तर स्वस्त देतंय. घेवचा तर घ्या, नायतर वाट सोडा, मागं गिराइक उबं हाय."

आप्पासाहेब खूश! घरी येईपर्यंत मला सांगत होते, "मास्तर, बघितलंत? सरळ प्रश्न, सरळ उत्तर. ही बाई सरकारात हवी होती."

एक गोष्ट मात्र मानायला हवी. आप्पासाहेब शब्दाच्या बाबतीत फार कडक. सरकारचं उत्तर छापून आलं की ज्याच्यासाठी प्रश्न विचारला त्याच्या दारात जाऊन ते स्वतः वाचून दाखवायचे, अगदी स्वल्पविरामासकट. एकदा मी वाचताना "बहुधा" गाळलं, तर माझ्या हातून कागद काढून घेतला. "मास्तर, सरकारच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही आणि त्याच्या तोंडातला काढायचा नाही. नाहीतर आपण विचारायचं कशाला?" दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मीही फुगून बसलो होतो, ते सोडा.

तर अशा माणसाकडे एके सकाळी जयगडची जानकी आली.

आपल्याकडे बोट धक्क्याला लागत नाही, हे वाचकांना ठाऊक असेलच. ती खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना पडावात भरून, वल्हवत तिच्यापर्यंत न्यावं लागतं. जानकीचा नवरा धोंडू जयगडच्या अशाच एका पडावावर खलाशी होता. एका वादळी दिवशी पडाव बोटीच्या शिडीवर आदळला. काही माणसं पाण्यात पडली, निघाली. बोट उतारूंना घेऊन मुंबईला गेली, पडाव परत आला आणि धोंडू आला नाही.

आता यात विचारण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण पडावाच्या मक्तेदाराने सरळ कानांवर हात ठेवले. म्हणाला, धोंडू त्या दिवशी कामावर नव्हताच. पुरावा काय, तर हजेरीची वही. वहीत खलाश्यांची नावं लिहायची रीतच नव्हती. रोज एकच ओळ: "तांडेल गोमा व इतर सात." तांडेल म्हणजे पडावाचा मुख्य. मक्तेदाराने त्याच संध्याकाळी एक नवा माणूस वल्ह्यावर बसवला आणि दुसऱ्या दिवशी चौकशीला आलेल्या अंमलदाराला म्हणाला, "मोजून घ्या. सात आहेत की नाही?" सात होते. मग धोंडू गेला कुठे? तर म्हणे उतारू होऊन त्याच बोटीत चढून मुंबईला पळाला. तिथे त्याने दुसरं घर केलं असेल, अशी पुस्तीही कुणीतरी जोडली. बाकीचे खलाशी गप्प. तोंड उघडलं की काम गेलं, हे काय त्यांना कळत नव्हतं?

जानकी ओटीच्या खाली उभी होती, वर यायला तयार नव्हती. म्हणाली, "सायेब, माजं कायबी मागनं नाय. कुकू लावलं तर बाया बोलतात, नवरा बुडाला नि ही कपाळ रंगवत्ये. पुसलं तर बोलतात, जित्या नवऱ्याचं पुसलान. तो पडावात हुता का नव्हता, येवडंच सरकारला इचारा. पळून जानारा नव्हता ओ तो."

आप्पासाहेबांनी तिला एकही उपप्रश्न विचारला नाही. उठून आत गेले, कोरा कागद आणला आणि माझ्यापुढे ठेवला.

मग सुरू झाले प्रश्न. "(अ) जयगड बंदरातील सदर पडावातील 'इतर सात' यांची नावे काय? (ब) धोंडू नावाचा खलाशी त्यांत होता काय? (क) असल्यास, त्याचे पुढे काय झाले?" पहिल्या अधिवेशनात उत्तर आलं, माहिती मागवली आहे. दुसऱ्यात आलं, नावे ठेवण्याची पद्धत नाही. आप्पासाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. माझ्या बोटांना घट्टे पडले, पण खरं सांगतो, तो प्रश्न लिहायचा मला कधी कंटाळा आला नाही.

तिसरं उत्तर येईपर्यंत एकूण दीड वर्ष उलटलं. आप्पासाहेबांनी टपाल फोडलं, वाचलं, माझ्याकडे दिलं. "(अ) माहिती नाही. (ब) प्रश्न उद्भवत नाही. (क) खाजगी मक्तेदाराच्या नोकरांशी सरकारचा संबंध नाही."

"तिला कळवायचं कसं?" मी म्हटलं.

"नेहमीप्रमाणे. वाचून."

दुसऱ्या दिवशी आम्ही जयगडला गेलो. कौन्सिलचा साहेब सरकारचं उत्तर घेऊन आलाय म्हटल्यावर जानकीच्या अंगणात अर्धी वाडी जमली. पडावावरचे खलाशीही आले आणि कुडाला टेकून उभे राहिले. त्यांच्यात तांडेल गोमा होता. जानकी दारात बसली होती. तिने आप्पासाहेबांकडे असं पाहिलं की माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. मी आपला माडाकडे बघत राहिलो.

आप्पासाहेबांनी चष्मा लावला, कागद उघडला, घसा साफ केला. इंग्रजी कागदाचं ते नेहमी मराठी करून सांगत, तसं सांगू लागले.

"(अ) होय. धोंडू नावाचा खलाशी त्या दिवशी सदर पडावात होता."

मी चमकून मान वळवली. त्यांचा आवाज नेहमीचाच, कोरडा, कौन्सिलातला.

"(ब) तो कोठेही पळून गेलेला नाही. तो आपल्या जागेवर होता. (क) सरकारला याबद्दल फार वाईट वाटते."

अहो, सरकारला वाईट वाटतं! आजवर ते कुठल्या उत्तरात छापून आलंय? पण अंगणात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि कुडाजवळून गोमा पुढे आला, डोक्यावरचं मुंडासं काढून.

"व्हय सायेब," तो म्हणाला. "सरकारला ठावंच हाय तर आता मी कशापायी लपवू? हुता तो. माज्या म्होरंच वल्ह्यावर बसलेला. एक म्हातारी पान्यात पडली, तिच्या मागं यान उडी मारलान. तिला ढकलून वर दिलान. आमी तिला वर घेतली नि वळून बगतंव, तर हा नाय." मग तो जानकीकडे वळला. "वयनी, मी भ्यालंव गो. पोटासाठी भ्यालंव."

बायका जानकीला धरून आत घेऊन गेल्या आणि आतून तिचा हंबरडा ऐकू आला. दीड वर्ष कोंडून ठेवलेलं ते रडणं होतं. अंगणातली बाप्यामाणसंही डोळे पुसत होती. मीही.

गोमाने तिथेच जबानी दिली. मी लिहून घेतली, त्याने अंगठा उठवला. त्याच्या मागून आणखी चौघांनी उठवला. गोमाचं काम गेलंच. पुढे तो हर्णैला मच्छिमारांच्या होडीवर लागला. जानकीने धोंडूचे दिवस घातले, सगळी वाडी जेवायला होती.

पुढच्या निवडणुकीला आप्पासाहेब उभे राहिले नाहीत. लोकांनी पुष्कळ गळ घातली. शेवटी मीच एका संध्याकाळी त्यांच्या ओटीवर जाऊन विचारलं, "अहो, का?"

ते हळूच म्हणाले, "मास्तर, मी सरकारच्या नावाने खोटं उत्तर वाचलं. आता सरकारला, तुम्ही खोटं का बोलता, असं कुठल्या तोंडाने विचारू?"

"पण ते खोटं ठरलं कुठे? गोमाने खरंच सांगितलं की."

"ते मला वाचताना कुठे ठाऊक होतं?" आप्पासाहेब म्हणाले. "मला एवढंच दिसत होतं, की ती बाई माझ्याकडे बघत्ये."

आतून वहिनी बाहेर आल्या. त्यांनी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच, माझ्यादेखत, त्यांच्या शेजारी बसल्या. मी चपला घातल्या आणि घरी आलो.