खांबेटेकाकांचे थकबाकीदार

माझी तीन क्रेडिट कार्डं सोळा महिने देव्हाऱ्यात होती. एका बाजूला बाळकृष्ण, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा आणि मध्ये लाल फडक्यात गुंडाळलेली माझी कार्डं. रोज सकाळी त्यांनाही निरांजन ओवाळलं जायचं, अधूनमधून एखादी तुळस वाट्याला यायची. देव्हारा अर्थात माझा नव्हता. तो दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या एका सरकारी क्वार्टरमध्ये होता आणि त्याचे मालक होते खांबेटेकाका.

नियम साधा होता. कार्ड ज्याचं त्याने केव्हाही घेऊन जावं, काका अडवणार नाहीत. फक्त देव्हाऱ्याला हात लावायचा तर अंघोळ करून, सोवळं नेसून. अंघोळ काकांच्याच न्हाणीघरात, गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याने. गीझर होता, पण त्याचा फ्यूज काकांच्या कपाटात असे. "देवाच्या कामाला गरम पाणी चालत नाही," असं ते ठामपणे सांगायचे. हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

एकदा जानेवारीत मी हट्टाला पेटलो. गुडगावच्या नव्या मॉलमध्ये एक चामड्याचं जॅकेट पाहून ठेवलं होतं आणि ते अंगावर चढवल्याशिवाय माझं करियर पुढे सरकणार नाही अशी माझी खात्री झाली होती. सकाळी सात वाजता काकांच्या न्हाणीघरात शिरलो. बाहेर धुकं, आत बादली. पायाचा अंगठा बुडवला. दोन मिनिटं विचार केला. कपडे घालून बाहेर आलो, तर काका आल्याचा चहा घेऊन उभे होते. त्या दुपारी मी शेजारच्या सरोजिनी नगरच्या बाजारातून दीडशे रुपयांचा स्वेटर घेतला. तो अजून आहे.

काका कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. मूळचे चिपळूणकडचे, लग्न न केलेले, अंगाने काटकुळे. तीस वर्षं दिल्लीत राहून त्यांचं हिंदी अजूनही सरकारी परिपत्रकासारखं होतं. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला. पगार सोळा हजार, आणि माझ्या मते तो बत्तीस असल्यासारखं वागायला हरकत नव्हती. तेव्हा मॉलच्या दारादारांत टेबलं टाकून पोरं-पोरी कार्डं वाटत बसलेली असायची. सही केली की कार्ड, वर एक प्रवासी बॅग भेट. माझ्याकडे तीन बॅगा जमल्या. दोन वर्षांत सत्त्याऐंशी हजारांचं कर्ज झालं. एका कार्डावरून पैसे काढून मी दुसऱ्याची किमान रक्कम भरत होतो आणि याला 'मॅनेज करणं' म्हणत होतो.

यात खरी गोम होती ती बाबांची. ते शाळामास्तर. दीड वर्षाने निवृत्त होणार होते. फंडाचे पैसे मिळाले की माझ्या दिल्लीतल्या फ्लॅटला हातभार लावायचा असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दर फोनवर विचारायचे, "तुझे किती जमले?" आणि मी दर फोनवर म्हणायचो, "जमतायत, बाबा." बाबांचे कष्टाचे पैसे माझ्या बुटांच्या आणि पिझ्झाच्या बिलात जाणार, या कल्पनेने मला दरदरून घाम फुटायचा. त्यांच्या निवृत्तीआधी हे निस्तरायला हवं होतं, आणि कसं ते मला कळत नव्हतं.

काका भेटले ते गणपतीच्या वर्गणीमुळे. ते मंडळाचे खजिनदार. माझ्यापुढे पावतीपुस्तक धरलं तेव्हा महिन्याची वीस तारीख होती, खिशात चाळीस रुपये होते. मी अगदी सहज विचारलं, "काका, वर्गणी कार्डवर चालेल का?" काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पावतीपुस्तक मिटलं. म्हणाले, "रविवारी आठ वाजता घरी ये. बँकांची पत्रं आण. न उघडलेलीसुद्धा." न उघडलेली अकरा निघाली.

त्या रविवारी काकांनी माझ्या नावाची फाईल उघडली. अक्षरशः. नाडीची, पानांना क्रमांक घातलेली. कार्डं देव्हाऱ्यात गेली. मग ऑफिसात आलेली जुनी पाकिटं त्यांनी उसवून, उलटी करून, खळीने पुन्हा चिकटवली आणि प्रत्येकावर एकेक खातं लिहिलं: हप्ता, भाडं, जेवण, बस, घरी फोन. पगार झाला की सगळा काढून या पाकिटांत भरायचा, आणि हप्त्याचं पाकीट आधी. तिन्ही बँकांचं व्याज सारखंच जबर होतं, म्हणून सगळ्यात छोटं कर्ज आधी संपवायचं. त्याने हुरूप येतो, असं काकांचं म्हणणं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाकिटांसह हजेरी. हजेरीला पोहे.

शंभर रुपयांवरच्या खर्चाला लेखी प्रस्ताव लागे. मी एकदा लिहिलं, 'नवे बूट, रुपये अठराशे.' शेरा आला, 'जुने बूट प्रत्यक्ष सादर करावेत.' मी पुढच्या रविवारी पिशवीतून बूट घेऊन गेलो. काकांनी ते उलटे केले, तळवा दाबून पाहिला, खिडकीपाशी उजेडात धरला आणि फाईलवर लिहिलं, 'तळ बदलून आणखी एक हिवाळा.' चांभाराने चाळीस रुपये घेतले आणि बुटांनी खरोखर एक हिवाळा काढला.

शिवाय दंड होता. बस जात असताना ऑटो केली, पाच रुपये. मॉलमध्ये कॉफी, पाच रुपये. कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनमध्ये जाऊन थालीपीठ खाल्लं तर माफ, कारण ते काकांना स्वतःलाच सुटत नव्हतं. सगळ्यात जबर दंड एका वाक्याला होता. 'पुढच्या महिन्यात बघू' असं जो म्हणेल त्याला दहा रुपये. "या शहरात माणसं यमुनेत कमी आणि या वाक्यात जास्त बुडाली," काका म्हणायचे. दंड ते पाकिटाच्या मागे लाल पेन्सिलीने टिपून ठेवत, वसूल करत नसत. आधी बँक, मग मी, अशी त्यांची शिस्त होती.

एका रविवारी आम्ही पोहे खात असताना वसुलीवाल्याचा फोन आला. चावला नावाचा, जरा चढ्या आवाजाचा माणूस. काकांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "महोदय, आपका विषय विचाराधीन है. आप तीन प्रतियों में लिखकर भेजिए."

"अंकल, तीन किसलिए?"

"एक आपकी, एक मेरी, और एक गुम होने के लिए."

मग त्यांनी चावलाला कुठल्या महिन्यात किती रक्कम येणार ते फाईल पाहून वाचून दाखवलं, आणि त्याप्रमाणे ती जात राहिली. चौथ्या महिन्यात चावलाचा पुन्हा फोन आला, तो माझ्यासाठी नव्हता. त्याच्या स्वतःच्या मोटरसायकलचे तीन हप्ते थकले होते. अंकल काही मार्ग सांगतील का, असं तो दबक्या आवाजात विचारत होता. पुढच्या रविवारी तो मिठाईचा डबा घेऊन हजर झाला. काकांनी डब्याची किंमत विचारली आणि पहिल्याच दिवशी त्याला पाच रुपये दंड केला.

असे आम्ही पाच-सहा जण होतो. नोएडात जाहिरात कंपनीत काम करणारी रेवती. मुनिरकाला खोली घेऊन कलेक्टर व्हायची तयारी करणारा उदगीरचा आसिफ, ज्याने मेसवाल्यापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांची उधारी केली होती. त्याचं एटीएम कार्ड कुठे ठेवायचं यावर काका पहिल्या दिवशी थोडे अडखळले. त्याच्या कार्डाला सोवळं कसं लावणार? आसिफनेच सोडवलं. कार्ड देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवू, म्हणाला, आणि काढायचं झालं तर मी तुमच्याच बादलीतल्या पाण्याने हातपाय धुवून वजू करेन. "काका, थंडी सगळ्यांना सारखीच." काका इतके खूश झाले की त्याला पोह्यांची दुसरी बशी मिळाली. त्यानेही कार्ड कधी काढलं नाही.

या सगळ्याची काकांना एवढी हौस का, हे मी एकदा विचारलं. ते कांदा चिरत होते. मान वर न करता त्यांनी सांगितलं. वडिलांचं चिपळूणला कापडाचं दुकान होतं, ते बुडालं आणि कर्ज मागे ठेवून वडील गेले. काका थोरले. दिल्लीला नोकरी लागली तेव्हापासून दरमहा मनीऑर्डर, बावीस वर्षं. पैसे पोचले की भावाचं अंतर्देशीय पत्र यायचं. पहिल्या ओळीत पैसे पोचल्याचं, आणि मग घरचं सगळं: आंब्याला मोहोर आला, ताईला मुलगी झाली, गाय व्यायली. काका ते पत्र महिनाभर पुरवून वाचत.

"शेवटची मनीऑर्डर पाठवली, तेव्हाही पत्र आलं. कर्ज फिटलं, आता तुम्ही मोकळे, म्हणून."

"मग?"

"मग काय. मोकळा," काका म्हणाले आणि कढईत मोहरी टाकली. त्यानंतरच्या कुठल्या पत्राबद्दल ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. नंतर खाताना, पोह्यांना लिंबू जास्त झालं आहे, एवढं म्हणालो.

सोळाव्या महिन्यात माझा शेवटचा हप्ता गेला. बाबांच्या निवृत्तीला सहा आठवडे होते. काकांनी फाईलवर शेवटचा शेरा लिहिला, 'वडिलांना खरं कळवावे,' आणि मोबाइल महाग पडतो म्हणून मला कोपऱ्यावरच्या पीसीओत पाठवलं. मी बाबांना सगळं सांगितलं. मीटरवरचे आकडे पळत होते. मग बाबा म्हणाले, "फेडलंस ना? बरं केलंस. त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांग." मी पीसीओतून बाहेर येऊन रस्त्यावर लहान मुलासारखा रडलो, आणि मग हसत काकांकडे गेलो.

त्या दिवशी काकांनी गीझरला फ्यूज लावला. कढत पाण्याने अंघोळ करून, त्यांचं रेशमी सोवळं नेसून मी देव्हाऱ्यातून कार्डं काढली आणि आम्ही ती कात्रीने कापली. आता उरला काकांचा दंड. सोळा महिन्यांचे एकशे पंचाऐंशी रुपये. मी मोजून पुढे केले, तर काकांनी लाल पेन्सिलीची बेरीज वरून खाली पाहिली आणि म्हणाले की यात कुठेतरी चूक वाटते, तपासावी लागेल, पुढच्या खेपेला आण. पुढच्या खेपेला त्यांच्याकडे सुटे नव्हते. त्याच्या पुढच्या खेपेला अमावास्या होती. बेरजेत ज्यांची पैची चूक कधी झाली नाही, त्यांना तीन महिने एकशे पंचाऐंशी रुपये घेता येईनात. मला वाटलं, वय झालं.

त्या वर्षअखेर काका निवृत्त झाले. क्वार्टर सोडून ते यमुनेपलीकडे, इंदिरापुरमच्या नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहायला गेले. आजूबाजूला अर्धे बांधलेले टॉवर आणि वाळूचे ढीग. पहिल्या रविवारी मी दोन बस बदलून पोचलो. काकांनी दार उघडलं तेव्हा ते इस्त्रीच्या सदऱ्यात होते आणि आत पाच बशा मांडलेल्या होत्या. थोड्या वेळाने आसिफ आला, मग रेवती, मग मोटरसायकलवरून चावला. माझ्यासकट सगळ्यांचीच कर्जं फिटलेली होती. आसिफ तर एव्हाना जयपूरला नोकरीला लागला होता आणि रात्रभर बसने आला होता.

काका पोहे परतायला आत गेले तेव्हा रेवतीने हळूच विचारलं, "तुझा दंड घेतला का रे त्यांनी?" मी म्हणालो, नाही. तिचे नव्वद बाकी होते. आसिफचे एकशे दहा, दोन वर्षांपासून. चावला म्हणाला, "मेरे तो पैंतीस हैं. हर बार बोलते हैं, छुट्टा नहीं है." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मला अंतर्देशीय पत्रं आठवली. मी ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. उभा जन्म लोकांच्या थकबाकीवर तुटून पडलेल्या माणसाने आमची एवढीशी थकबाकी जिवापाड जपून ठेवली होती. मला तेव्हा ते इतके जवळचे वाटले की आत जाऊन मिठी मारावी. पण काकांना ते झेपलं नसतं.

पोहे आले. मी मुद्दामच खिशातून नोटा काढल्या आणि म्हणालो, "काका, एकशे पंचाऐंशी. आज घेऊनच टाका."

काकांच्या हातातला झारा थांबला. त्यांनी खिडकीबाहेर टॉवरांकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं, आणि तोंडातून निघून गेलं, "राहू दे रे. पुढच्या महिन्यात बघू."

आसिफने बशी खाली ठेवली. अत्यंत आदबीने म्हणाला, "काका, दहा रुपये."

काका आमच्याकडे पाहत राहिले. मग हसले, मान हलवली, हात पुसले. कपाटातून एक जुनं पाकीट काढलं, उसवलं, उलटं करून चिकटवलं. त्यावर स्वच्छ अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि मागे लाल पेन्सिलीने 'रु. १०, बाकी.' ते त्यांनी आमच्या पाकिटांच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवून दिलं.

ते दहा रुपये आम्ही अजून मागितलेले नाहीत.