ओटी भरलेली गाडी

रेल्वेच्या आवक-जावक शाखेत चौतीस वर्षं काढलेल्या श्यामरावांनी आयुष्यात एकच पत्र अनुत्तरित ठेवलं होतं. भनपुरीच्या ‘सांजसोबत’ वृद्धाश्रमाचं ते पत्र येऊन आठ महिने झाले होते. सचिव दिवाकर यांनी विचारलं होतं की, आपल्या अंगणात उभी असलेली जुनी डिझेल गाडी संस्थेला मिळेल का? मिळणार असेल तर दोन ओळींत लेखी होकार कळवावा. श्यामरावांनी त्या दोन ओळींचे अकरा कच्चे खर्डे केले. शेवटी ‘आपला’ लिहावं की ‘आपला नम्र’, इथे दर वेळी ते अडत.

हे झालं सांगायचं कारण. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

गाडी त्यांच्या मुलाची, निरंजनची. रायपूर राजधानी झालं आणि जो तो लांबलचक काळ्या गाडीतून फिरू लागला, तेव्हा त्यानंही हौसेनं एक जुनी घेतली. पुढे त्याची पुण्याला बदली झाली आणि गाडी चौबे कॉलनीतल्या अंगणात राहिली. बॅटरी मेली, इंजिन रुसलं. पण मागची सीट लोण्यासारखी होती, खिडक्यांना पडदे होते आणि दार ओढून घेतलं की घरातला टीव्ही, कुकर, वनमालाबाईंची भिशी, फारसं काही ऐकू येत नसे. श्यामराव रोज जेवण झालं की पुस्तक घेऊन त्यात शिरत. पुढच्या सीटवर तर छताला टेकतील एवढे पुस्तकांचे गठ्ठे रचले होते. सत्तरी उलटल्यावर हक्काची मिळालेली ही एकच जागा, आणि तीच दान करा म्हणत होते.

अखेर वनमालाबाईंनीच आश्रमात फोन लावला. “तुमचं पत्र निघेपर्यंत त्या गाडीले झाड उगवन,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “गुरुवारी येऊन राहिले ते. तुम्हाले दोन शब्द बोलायचे आहेत, लक्षात ठेवा.”

दोन शब्द! इथे अकरा खर्ड्यांत दोन ओळी जमल्या नव्हत्या.

गुरुवारी सकाळी ते गाडीतली पुस्तकं काढायला गेले. वरचंच पुस्तक चाळायला म्हणून उघडलं, आणि शेवटची चाळीस पानं राहिली होती ती वाचत बसले. नातीसाठी निरंजननं मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलं होतं, त्यामुळे दार आतून उघडत नसे. म्हणून श्यामराव दाराच्या फटीत नेहमी एक चप्पल अडकवून ठेवत. आजही ठेवली होती.

दहा वाजता क्रेन आली. क्रेनवाला लहानू मोठा टापटिपीचा माणूस. दारात अडकलेली चप्पल त्यानं पायानं बाहेर ओढली, बाजूला नीट ठेवली आणि दार कमरेनं ढकलून घट्ट लावलं.

श्यामरावांनी मान वर केली तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी काचेवर टकटक केली. पण ती कशी, तर साहेबांच्या केबिनच्या दारावर करत तशी, दोन बोटांनी. बाहेर आश्रमानं आणलेला बँड वाजत होता.

वनमालाबाईंना अंगणात एकटी चप्पल दिसली. “पाहा,” त्या शेजारच्या सुनेत्राबाईंना म्हणाल्या, “भाषणाच्या धाकानं पळाले. एक चप्पल टाकून पळाले.” मग त्यांनी मन घट्ट केलं आणि पोरीची पाठवणी करावी तसं सगळं यथासांग केलं. बॉनेटला हळद-कुंकू लावलं, दही-साखर ठेवली, खण-नारळ आणि तांदळानं गाडीची ओटी भरली. पडद्याच्या फटीतून श्यामराव हे पाहत होते. चाळीस वर्षांत त्यांना इतक्या प्रेमानं कुणी निरोप दिला नव्हता.

क्रेननं पुढची चाकं उचलली आणि ते मागे कलंडले. आता मात्र त्यांनी लाज सोडून काचेवर मुठी मारल्या.

“वहिनी, आतून काहीतरी वाजून राहिलं,” सुनेत्राबाई म्हणाल्या.

“निघताना मागून टोकू नये,” वनमालाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “जुनी गाडी आहे, वाजनच.”

पंडरीच्या चौकात वाहतूक तुंबली. श्यामरावांनी पडदा सारून पोलिसाकडे पाहत जोरानं हात हलवले. काळी गाडी, पडदे, आत पांढऱ्या केसांचा माणूस हात हलवतोय. नव्या राजधानीच्या पोलिसाला याचा एकच अर्थ ठाऊक होता. त्यानं टाचा जुळवून कडक सलाम ठोकला आणि बाकीची वाहनं अडवून क्रेनला वाट करून दिली. श्यामरावांनी सवयीनं नमस्कार केला आणि मग स्वतःचाच राग येऊन पुस्तक उघडलं. नाहीतरी सात पानं उरली होती.

आश्रमात सगळी म्हातारी मंडळी हार घेऊन उभी होती. दिवाकरांनी दार उघडलं. आत मांडीवर पुस्तक, एका पायात चप्पल, घामाघूम श्यामराव.

क्रेनमागून आलेला बँड थांबला.

“अवं माय,” शारदाबाई नावाच्या आजी म्हणाल्या, “माणसासकट देल्ली?”

दिवाकर हलक्या आवाजात म्हणाले, “काका, तुम्हाले कोणी बसवलं यात?”

“मीच बसलो होतो. दार बाहेरून लागलं.”

“घरी कोण आहे?”

“बायको.”

“तिले माहीत आहे, तुम्ही निघाले म्हणून?”

श्यामराव प्रामाणिक माणूस. “तिनंच तर ओटी भरून पाठवलं,” ते म्हणाले.

एका आजोबांनी हातातला हार गाडीला न घालता श्यामरावांच्या गळ्यात घातला आणि पाठीवर हात फिरवला. “सुरुवातीले जड जाते,” ते म्हणाले. “मग सवय होते.” शारदाबाईंनी पाणी आणलं. दिवाकरांनी खिडकीजवळची चौदा नंबरची खाट झटकायला सांगितली. श्यामराव जितकं खरं सांगत, तितके लोकांचे डोळे भरून येत.

शेवटी आश्रमाच्या फोनवरून त्यांनी घरी फोन लावला.

“भनपुरीले? आश्रमात?” वनमालाबाई म्हणाल्या. “भाषण टाळाले इतक्या दूर पळाले?”

तासाभरानं त्या दुसरी चप्पल घेऊन ऑटोतून उतरल्या, तेव्हा व्हरांड्यातले वीस जण त्यांच्याकडे असे पाहत होते की त्यांनी आपोआप डोक्यावर पदर घेतला.

गाडी चालू झालीच नाही. मिस्त्रीनं हात टेकले. ती आश्रमाच्या कडुलिंबाखाली उभी राहिली, पुस्तकांसकट. आठवड्याभरात दिवाकरांचा निरोप आला की, मागच्या सीटवर वाचत बसायला मंडळींचे नंबर लागतात, वादावादी होते. शारदाबाईंनी तर पडदेही धुऊन लावले. फक्त लेखी होकाराचं तेवढं राहून गेलंय.

त्या दुपारी श्यामरावांनी बारावा खर्डा एका दमात लिहिला: ‘आपलं पत्र मिळालं. गाडी पोचली आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे. ती देण्यास माझी मनापासून संमती आहे. विनंती एकच, दर गुरुवारी मागच्या सीटची डावी बाजू माझ्यासाठी राखून ठेवावी. दाराला चप्पल मी लावीन. आपला, श्यामराव.’

‘नम्र’ लिहायचं त्यांना सुचलंच नाही.

पत्र घेऊन ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. इकडे-तिकडे पाहिलं, पेटीवर दोन बोटांनी टकटक केली, आतून काही उत्तर येत नाही अशी खात्री करून घेतली, आणि मगच पत्र आत सोडलं.