तक्त्यात नसलेली वर्षं

माझ्या लग्नाच्या सहाव्या वाढदिवसाला मी बायकोसाठी मिक्सर आणला, आणि त्याच संध्याकाळी ढवळेनं त्याला लाल टॅग लावला. आमच्या चाकणच्या कारखान्यात नापास मालाला दोऱ्यानं बांधतात तो लाल पुठ्ठ्याचा तुकडा. चहाला म्हणून घरी बोलावलेल्या माणसानं मिक्सर उलटा केला, नखानं टकटक वाजवला, शर्टाच्या खिशातून टॅग काढला आणि लिहिलं, 'वर्ष सहावे. मटेरियल लोखंड पाहिजे. प्लास्टिक आढळले. रिजेक्ट.' खाली सही, तारीख. मग त्यानं बशीत ओतून चहा प्यायला आणि वर आणखी अर्धा कप मागितला.

माझी बायको मीनल डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी नाही हसलो. तेव्हापासून मी घरात काहीही आणलं की ती विचारते, "ढवळे भाऊजींना दाखवलंत का?" साडी आणली तरी हेच, कुकर आणला तरी हेच. हे ऐकण्यासाठी मी लग्न केलं नव्हतं.

ढवळे आमच्या कंपनीत आवक मालाच्या तपासणीला आहे आणि मी खरेदी विभागात. म्हणजे दिवसभर मी जे आणतो ते तो नापास करतो. शिवाय आम्ही चऱ्होलीत एकाच सोसायटीत राहतो आणि कंपनीच्या एकाच बसनं जातो-येतो. सुटका कुठेच नाही. वयानं तो माझ्याहून मोठा, म्हणून तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो. इथे मात्र अरे-तुरेच करणार आहे, कारण मी रागावलोय आणि हे सगळं रागातच लिहितोय.

या वेडाचं मूळ एका डायरीत आहे. कंपनीत आलेल्या कुणा परदेशी पाहुण्यांनी जाताना सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. आम्ही त्यात दुधाचा, पेपरचा हिशेब लिहिला. ढवळेनं ती शेवटच्या पानापर्यंत वाचली. शेवटच्या पानावर एक तक्ता होता, लग्नाच्या कितव्या वाढदिवसाला कशाची भेट द्यावी याचा. पहिल्याला कागद, दुसऱ्याला सूत, तिसऱ्याला चामडं, पाचव्याला लाकूड, सहाव्याला लोखंड. तुम्ही-आम्ही तो बघून पान उलटलं असतं. पण एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला मटेरियल असा कागद ढवळेच्या हाती पडला की तो त्याच्यासाठी कायदा होतो. "तक्ता आला की पाळायचा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं, "कस्टमरची सही हाय का?" कस्टमर म्हणजे त्याची बायको, आमच्या सुनंदावहिनी.

डायरी आली तेव्हा त्याच्या लग्नाला सहा वर्षं होत आली होती. म्हणजे पाच वर्षांचा माल थकला होता. त्यानं तो एका महिन्यात पुरा केला. पहिल्या रविवारी कागद, म्हणजे शंभर पानी वही. मग सूत. मग चामडं म्हणून चपलांचा जोड, तोही सासूबाई घरी आलेल्या असताना, हारासारखा दोन्ही हातांत धरून. त्या बाई दुसऱ्याच दिवशी उदगीरला परत गेल्या.

दहाव्या वर्षी तक्त्यात कथील आलं. आता नुसतं कथील कोण विकतं? मी म्हटलं, एखादा सुबक पत्र्याचा डबा घ्या. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी भेसळ करतो. "डबा म्हंजे पत्रा, ओ खरेदी. कथील येगळं, पत्रा येगळा. तुमचं हेच चुकतंय." त्यानं तीन आठवडे शोध घेतला आणि दापोडीत रेल्वेलगतच्या गल्लीत एक म्हातारे कल्हईवाले चाचा गाठले. वहिनींच्या माहेरून आलेली, माळ्यावर काळी पडलेली पितळेची भांडी पोत्यात घालून नेली आणि दिवसभर चाचांच्या भट्टीशेजारी बसून प्रत्येक भांड्याला कल्हई लावून घेतली. चाचांनी कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं की हा भिंगातून बघायचा. शेवटी चाचाच वैतागून म्हणाले, "मियाँ, भांडं बघताय की मुलगी?" वहिनींना ती भांडी फार आवडली, हे मी कबूल करतो.

अकराव्या वर्षी पोलाद. त्यानं चांगलं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घेतलं. पण दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवील तर तो ढवळे कसला. आमच्या धंद्यात धातू तपासायचा तर नमुना कापून प्रयोगशाळेत द्यावा लागतो. यानं पातेल्याच्या बुडाचाच नमुना कापला. अहवाल उत्तम आला. वाढदिवसाला वहिनींच्या हातात एक पातेलं पडलं, बुडाला बंद्या रुपयाएवढं भोक, आणि सोबत ते पातेलं अव्वल दर्जाचं असल्याचा सही-शिक्क्याचा कागद. मी विचारलं, "अहो, पण आता त्यात शिजवायचं कसं?" तर म्हणाला, "ते वापराचं झालं. मी मटेरियलचं बोलायलोय." वहिनींनी त्यात कढीपत्ता लावला.

चौदाव्याला हस्तिदंत. कायद्यानं बंदी. ढवळे आठवडाभर जेवला नाही नीट. मग त्यानं कंपनीत वापरतात तसला सवलतीचा फॉर्म भरला. 'मूळ मटेरियल उपलब्ध नाही, बदली काय चालेल?' आणि कस्टमरच्या सहीसाठी वहिनींपुढे ठेवला. वहिनींनी लिहिलं, 'दात घासून झोपलात तरी चालेल.' आणि सही केली. तो फॉर्म त्यानं फाइलला लावला. त्या रात्रीपासून तो दोन वेळा दात घासतो.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. माझा खरा राग पुढे आहे.

तो तक्ता पंधराव्या वर्षापर्यंत दर वर्षाला काही ना काही सांगतो आणि मग एकदम विसावर उडी मारतो. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस यांच्यापुढे काही नाही. पान फाटलंय का म्हणून ढवळेनं माझीही डायरी तपासली. नव्हतं फाटलं. मग तो शांत झाला. तक्त्यात नाही म्हणजे द्यायचं नाही.

सतराव्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी अकरावीला लातूरला हॉस्टेलवर गेली आणि त्याच आठवड्यात लग्नाचा वाढदिवस आला. वहिनी त्याला म्हणाल्या, "वस्तू काय नको मला. एक दिवस रजा टाका आन् घरी बसा. घर खायला उठायलंय." आणि हा गृहस्थ म्हणाला, "तक्त्यात सतरावं न्हाई." आणि पहिल्या शिफ्टला गेला.

हे मला कसं ठाऊक? त्यानंच बसमध्ये सांगितलं, मोठ्या हुशारीनं उत्तर दिल्यासारखं. आणि मी हसलो होतो. मागच्या सीटवरच्या दोघांनाही मी तो किस्सा सांगितला होता. माझ्या रागातला थोडा वाटा तिथलाही आहे.

यंदा विसावं. तक्त्यात चिनी माती. ढवळेला चार वर्षांच्या उपवासानंतर पंगतीत बसल्यासारखं झालं. चिंचवडपासून भोसरीपर्यंत एक दुकान त्यानं सोडलं नाही. कप कानाशी धरून पेन्सिलीनं वाजवायचा, उन्हात धरून बघायचा, कान तिरका आहे म्हणून परत करायचा. भोसरीतल्या एका दुकानदारानं तर त्याला लांबून बघून शटर खाली ओढलं. शेवटी सहा कप मिळाले, पांढरेशुभ्र, निळ्या काठाचे. आम्हा दोघांना मुद्दाम चहाला बोलावलं.

वहिनींनी खोका उघडला. एकेक कप काढून टेबलावर मांडला. मग त्याच्या ऑफिसच्या बॅगेतून लाल टॅग काढला, पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं, 'चार वर्षं डिलिव्हरी नाही. आता गरज संपली. रिजेक्ट.' पहिल्या कपाच्या कानात तो टॅग बांधला.

मीनलनं माझा हात धरला. ढवळेनं टॅग वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला आणि म्हणाला, "तारीख टाकायची राहिली."

वहिनींनी तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या उदगीरला भावाकडे निघून गेल्या.

पंधरा दिवस झाले. ढवळे उदगीरला गेला नाही. कंपनीत मात्र त्यानं उच्छाद मांडला. माझ्या पुरवठादारांच्या तीन गाड्या एका आठवड्यात गेटवरून परत. केसाएवढा ओरखडा दिसला की टॅग. दुपारी डबा नाही, कँटीनमध्ये ताट घ्यायचा आणि वरण आजच्या मेनूप्रमाणे नाही म्हणून आचाऱ्याशी भांडायचा. सोसायटीत लिफ्टच्या आरशाला डाग होता म्हणून अध्यक्षांशी भांडला. संध्याकाळी त्याच्या खिडकीत दिवा उशिरा लागायचा, कधी लागायचाच नाही.

एका सकाळी चाकणच्या चौकात कांद्याच्या ट्रकांमागे आमची बस अर्धा तास अडकली आणि माझा बांध फुटला.

"ढवळे, वहिनींना आणायला कधी जाणार?"

"कस्टमरनं कळवलं न्हाई अजून, माल कुठं चुकलाय ते."

"टॅगवर लिहिलंय की."

"कप पास हाईत, ओ खरेदी. सहाच्या सहा. मी सोता बघितलोय."

"कपांचं कोण बोलतंय?" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की ड्रायव्हरनं आरशात बघितलं. "त्या बाईनं एक दिवस मागितला होता, एक. तुम्ही तिला डायरीचं पान दाखवलंत. पोरगी गेलेल्या घरात ती दिवसभर एकटी बसली, आणि तुम्ही इथे स्क्रू मोजत होतात. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधता, स्वतःची एक दिसू नये? लाज वाटते मला तुमच्याशेजारी बसायची."

सगळी बस ऐकत होती. ढवळे खिडकीतून ट्रकमधले कांदे बघत राहिला. त्याची मान अशी वाकलेली मी कधी बघितली नव्हती, आणि तरीही माझा राग उतरला नाही.

कंपनीच्या गेटवर उतरल्यावर तो थांबला. "सप्लायरचा माल मी नापास केला की तुम्ही काय करता?"

"त्याच्या माणसाला बोलावतो," मी तुटकपणे म्हणालो. "तो येऊन आपल्या गेटवर बसतो. एकेक नग हातात घेऊन बघतो. सगळा माल पुन्हा तपासून होईपर्यंत हलत नाही. माहितीये की तुम्हाला."

"बोलावल्यावरच येतोय का?"

"चांगला असला तर न बोलावता येतो."

त्यानं मान हलवली आणि आत गेला. दुपारी त्याचा रजेचा अर्ज आला, चार दिवसांचा. एचआरची मुलगी तो कागद हातात घेऊन माझ्याकडे आली आणि विचारायला लागली की ढवळे साहेबांची तब्येत बरी आहे ना. एवढ्या वर्षांत त्यानं सलग दोन दिवस रजा घेतली नव्हती.

त्याच रात्रीच्या गाडीनं निघताना तो घराची किल्ली आमच्याकडे देऊन गेला. सकाळी झाडांना पाणी घालायला म्हणून मी आत शिरलो, तर कप टेबलावर तसेच, टॅगसकट. म्हणजे हा रिकाम्या हातानं गेला होता. रुसून गेलेल्या बायकोला आणायला माणूस निदान मिठाईचा पुडा तरी नेतो. मी मीनलसमोर पुन्हा भडकलो. ती म्हणाली, "तुम्ही आधी बसा बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. मी ऑफिसातच होतो.

"भाऊजी, ह्यांना तुम्ही काय म्हणलाव?"

"का? काय झालं?"

"कालपासून दादाच्या ओट्यावर बसून हाईत. आत या म्हणलं तर येत न्हाईत. दादानं चहा दिला तर पितेत, पेपर दिला तर वाचतेत, आन् मी अंगणात आले की माझ्याकडं बघत बसतेत. काल मी इचारलं, काय आणलाव? तर म्हणाले, काय न्हाई, चार दिवस रजा आणलोय."

"वाढदिवस तर कधीच होऊन गेला," मी म्हणालो. मला अजून उमगलं नव्हतं.

"तेच की. काल दिवसभर म्हणायलेत, सोळावं हाय. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. आज सकाळी म्हणलं, जावा आता, ड्यूटी बुडायली तुमची. तर म्हणतेत..." फोनमध्ये कुणाच्या तरी अंगणातला कोंबडा ओरडत होता. "म्हणतेत, आज सतरावं चालू हाय, आज मी कुटं जात नसतो."

मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेलो. बोटांवर मोजलं, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? ओट्यावर ऊन आलंतं. म्हणलं, आत येऊन बसा."