बाबांचं मॅग्नम आणि आईची बादली

रिव्हॉल्व्हर निवडायला मला एक दुपार पुरेल, असं मी आईला छातीठोकपणे सांगितलं. मी ग्रंथपाल! अँकरेज शहराच्या वाचनालयात बावीस वर्षं लोकांना हवं ते पुस्तक चार मिनिटांत काढून देते आहे. त्या मानानं रिव्हॉल्व्हर म्हणजे काय? तीन पुस्तकं वाचली, वहीत तक्ता आखला. वजन, नळीची लांबी, पकड, धक्का. जंगलात कमरेला लावता आलं पाहिजे आणि निशाण्यावर नेमही धरता आला पाहिजे. बस्स!

आईनं वही चाळली. "यात अस्वल कुठं आहे?"

"कसलं अस्वल?"

"नाही, बाकी सगळं आहे, म्हणून विचारलं."

बाबा एप्रिलमध्ये गेले. त्यांची राख ओढ्याच्या वरच्या अंगाला, त्यांच्या ब्लूबेरीच्या उतारावर पसरायची, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. तीही झुडपांना फळं असताना. म्हणजे पहिलं हिव पडायच्या आत. अडचण एवढीच, की ऑगस्टात त्या उतारावर आमच्याइतकाच अस्वलांचाही हक्क असतो. म्हणून आईची अट. दहा पावलांवरून कागदी ताटलीवर सहा गोळ्या झाडायच्या, पाच लागल्या पाहिजेत. आणि घोडा अंगठ्यानं मागे ओढायचा नाही, नुसता चाप दाबायचा.

"घोडा ओढेपर्यंत अस्वल थांबणार नाही," ती म्हणाली. "जमलं तर शनिवारी जाऊ. नाही जमलं तर पुढच्या ऑगस्टपर्यंत डबा कपाटावर."

डबा म्हणजे बाबा. कॉफीचा डबा, त्यांच्याच आवडीचा.

तुम्ही म्हणाल, घरात बाबांचं रिव्हॉल्व्हर होतं ना? होतं की! चव्वेचाळीस मॅग्नम, लांब आणि जबर दारूच्या काडतुसांचं. पण हार्लन लँडिंगमध्ये, म्हणजे आई-बाबांच्या या गावात, त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. "मनगट उतरेल," बाबा बजावायचे. आणि स्वतः मात्र सहाच्या सहा गोळ्या ताटलीत अशा घालायचे, की मिशीवरचा डास उडत नसे! मी त्या रिव्हॉल्व्हरला मनातल्या मनात लांबूनच नमस्कार केला आणि दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. 'मोठ्या गोळीचं रिव्हॉल्व्हर चार दिवस उसनं हवं. एनारची मुलगी.'

तीच चूक झाली. आमच्याकडे मयताच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण पोचवायची पद्धत आहे. एप्रिलमध्ये आमच्याकडे बटाट्याच्या चौदा थाळ्या आल्या होत्या. आता गावाला वाटलं, दुसरी पंगत सुरू झाली! संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात सात रिव्हॉल्व्हरं आणि अकरा थाळ्या. वेंडेल काकांनी तर दोन्ही एकाच पिशवीतून आणलं.

वेंडेल काका म्हणजे बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. अस्वलं या विषयावर ते थांबत नाहीत, फक्त श्वास घेतात.

"हे घे पोरी! पिसासारखं हलकं. कमरेला आहे हेच विसरशील!"

दुसऱ्या दिवशी खडीच्या खाणीत, जिथं सगळं गाव नेमबाजी करतं, तिथं मी ते पीस उडवलं. पुढचं मला ऐकूनच माहीत आहे. रिव्हॉल्व्हर उलटं उसळून टोपीला लागलं, टोपी मागच्या चिखलात, चष्मा एका कानावर. गोळी ताटलीच्या बरीच अलीकडे खडीत घुसली आणि तिथला एक खडा उडून वेंडेल काकांच्या ट्रकचा दिवा फोडून गेला!

"काही हरकत नाही," काका दिव्याकडे बघत म्हणाले. "पहिल्यांदा असं होतं."

"तुमचं काय झालं होतं, काका?"

"माझी खिडकी."

मग मी दुसरं टोक गाठलं. हातभर नळीचं, धान्याच्या पोत्यासारखं जड. नेम काय सुंदर लागायचा! ताटलीत चार गोळ्या! मी खुशीत ते कमरेला लावून दुकानात गेले. पिठाच्या रांगेत पट्टा जरा सैल वाटला. पैसे देताना फारच सैल वाटला. पाद्रीबाबांनी अतिशय सभ्यपणे छताकडे पाहायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की रिव्हॉल्व्हर एकटं खाली निघालेलं नाही, सोबत माझी विजारही निघाली आहे!

वहीत 'वजन' या रकान्यापुढे मी तीन उद्गारचिन्हं काढली.

गुरुवारी गर्ट मावशी खाणीत आली. ती बंदुका दुरुस्त करते आणि माणसंही, बहुतेक त्याच आवाजात. तिनं माझं रिव्हॉल्व्हर घेतलं, पाठमोरी होऊन भरलं, परत दिलं. मी श्वास रोखला, चाप दाबला. बार नाहीच! नुसतं टिक! पण नळी मात्र बदकानं पाण्यात मुंडी घालावी तशी खाली गेली.

"रिकामी काडतुसं घातली होती मी," गर्ट मावशी म्हणाली. "तू अस्वलावर नाही झाडत आहेस, पोरी. तू आवाजाला घाबरून जमीन ठोकते आहेस."

वेंडेल काका पोट धरून हसले.

"हसू नकोस, तू ये!" मावशीनं फर्मावलं.

काका ऐटीत पुढे आले. चाप दाबला. टिक! आणि एकही बार झालेला नसताना काका डोळे मिटून दोन पावलं मागे गेले आणि वर म्हणाले, "केवढा हा धक्का!"

शुक्रवार उजाडला. रिव्हॉल्व्हरं संपली, थाळ्या शिल्लक, ताटलीत चारच्या वर गोळी नाही. कपाटावरचा डबा माझ्याकडे बघत होता. मी खालच्या फडताळातून बाबांचं रिव्हॉल्व्हर काढलं. त्याच्या लाकडी मुठीवर त्यांच्या अंगठ्यानं एक खळगा पाडला होता. माझा अंगठा त्यात बरोबर बसला. मी ते घेऊन खाणीत गेले.

वेंडेल काकांनी आपली मॅग्नम काडतुसं दिली. ती आत जाईनात! अर्ध्या नखाएवढी बाहेरच अडत. काडतुसांची चक्री मिटेना. दुसऱ्या डब्यातली घातली, तीही अडली.

वेंडेल काकांनी टोपी काढली. "एनार! त्याला परक्याचं काडतूस चालत नाही!"

बाकीच्यांनीही टोप्या काढल्या.

"टोप्या घाला, मूर्खांनो," गर्ट मावशी म्हणाली. तिनं चक्रीत बॅटरी मारली, तारेचा ब्रश फिरवला, काळी भुकटी तळहातावर झटकली. "काजळीचं कडं आहे हे. आखूड काडतुसं वर्षानुवर्षं उडवली की त्यांच्या टोकापुढे ते साचतं, मग लांब काडतूस अडतं. या रिव्हॉल्व्हरनं पंधरा-वीस वर्षांत एकही मॅग्नम काडतूस पाहिलेलं नाही. एनार आखूड, मऊ काडतुसं उडवायचा."

वेंडेल काका ट्रकच्या पायरीवर बसले. गावातला सर्वांत मोठा धक्का त्यांना बार न होताच बसला होता.

मी तशीच घरी गेले. आई कॉफी ओतत होती. बाबांची काडतुसं तीच भरायची, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारच्या यंत्रावर, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. काय भरायची, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"पन्नाशीनंतर त्याचं मनगट दुखायचं," ती म्हणाली. "मी आखूड भरायला लागले. दारूही कमी."

"बाबांना कळलं नाही?"

"न कळायला आंधळा होता का? पहिल्या दिवशी काडतूस हातात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, 'लोर्ना, कॉफी झकास झालीय.' विषय संपला."

तिनं ओट्याखालून एक खोका काढून पुढे सरकवला. त्यावर तिच्या अक्षरात माझं नाव होतं.

त्या दुपारी खाणीत सहाच्या सहा गोळ्या ताटलीत! मनगट उतरलं नाही, टोपी डोक्यावर! मी आमच्या घराण्याचीच, असं निदान चार जणांना तरी ऐकवलं.

शनिवारी आम्ही उतारावर गेलो. मी पुढे, कमरेला बाबांचं मॅग्नम, छाती ही एवढी! आई मागे, ब्लूबेऱ्यांची बादली घेऊन. डबा उघडला. वारा बेताचा होता, आम्ही दोघीही बेताचं बोललो.

मग झुडपं हलली आणि चाळीस पावलांवर तपकिरी अस्वल उभं राहिलं. मी हात कमरेला नेला. हातानं यायला नकार दिला.

"बोलत राहा," आई शांतपणे म्हणाली. "त्याला कळू दे आपण माणसं आहोत."

मला वहीतला तक्ता सोडून काही आठवेना. मी मोठ्यानं म्हणाले, "वजन! नळीची लांबी! पकड!" अस्वलानं 'धक्का'पर्यंत ऐकून घेतलं आणि ते पाठ फिरवून निघून गेलं.

मागे वळून पाहते तर आईच्या हातात रिव्हॉल्व्हर! बाबांच्याहून मोठं, निळ्या बोटांच्या ठशांनी माखलेलं. ते बादलीतून निघालं होतं.

"हे काय?"

"हे खरं मॅग्नम. तुझा बाप पुढे चालायचा, मी मागे."

"इतकी वर्षं? मग माझी परीक्षा कशाला घेतलीस?"

"नाहीतर चार दिवस त्या डब्याकडे बघत बसली असतीस." तिनं रिव्हॉल्व्हर परत बेऱ्यांत खुपसलं. "आणि कमरेला काही असलं की तूही त्याच्यासारखी ताठ चालतेस. बरं दिसतं."

मला शंका आली. "आई, माझ्या काडतुसांत दारू किती आहे?"

"त्याच्यापेक्षा थोडी कमी."

"थोडी म्हणजे?"

"ताटलीला भोक पडलं ना? झालं तर."

उतरतानाही मी पुढेच चालले. फक्त छाती जरा आत ओढून.